कॅसेट डिजिटल करताना आवाज खरंच बिघडतो का? स्वतःच्या कानाला न फसवता तपासायची पद्धत

मागच्या वर्षी काकांच्या दोनेकशे कॅसेटी माझ्या गळ्यात पडल्या. गावातल्या भजनी मंडळाच्या, घरगुती बैठकींच्या, काही तर नुसत्या आजोबांच्या पेटीच्या. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून दोन चॅनलचा एक साधा यूएसबी इंटरफेस घेतला, आणि लगेच मावसभावाने सुरू केलं की अरे असल्या स्वस्त डब्यातून घेतलंस तर तानपुऱ्याचा जीव जाईल, महागाचा घे. मग एका मित्राचा चौपट किमतीचा इंटरफेस आठवडाभरासाठी मागून आणला, दोन्हीतून तीच कॅसेट घेतली, ऐकली, आणि खरंच सांगतो मला महागाचा छान वाटला. तानपुरा मोकळा वाटला, टाळ जास्त स्पष्ट वाटले. आंधळी चाचणी घेतली तर १६ पैकी १५ बरोबर! मी खूश. दोन दिवसांनी कळलं की महागड्याची फाईल ०.७ डेसिबलने मोठी रेकॉर्ड झाली होती, बास एवढंच. लेव्हल सारखी करून परत बसलो तर १६ पैकी ९, म्हणजे नाणं उडवल्यासारखं.

त्या आठवड्यात जे शिकलो ते खाली क्रमाने लिहितोय. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर रविवारची एक दुपार पुरेल. प्रश्न एकच आहे: आवाजाचं डिजिटल करताना (यालाच एडीसी म्हणजे अ‍ॅनलॉग टू डिजिटल कन्व्हर्जन म्हणतात) जी चूक घुसते ती माणसाला ऐकू येते का, आणि येत असेल तर ते सिद्ध कसं करायचं.

काय काय लागेल

- यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ज्याला लाइन इन आणि लाइन आउट दोन्ही आहेत
- दोन छोट्या वायरी (बॅलन्स्ड असतील तर उत्तम)
- बरे, बंद कपांचे वायरवाले हेडफोन. ब्लूटूथ नको, तो स्वतःच आवाज दाबून पाठवतो
- ऑडासिटी (फुकट), आरईडब्ल्यू म्हणजे रूम ईक्यू विझर्ड (फुकट)
- विंडोजवर फूबार२००० आणि त्याचा एबीएक्स कंपॅरेटर (आंधळ्या चाचणीसाठी). शिवाय दोन फाईली जुळवून फरक काढणारा डेल्टावेव्ह, तोही फुकट
- २४ बिटमधली एखादी स्वच्छ फाईल, कधीही एमपीथ्री न झालेली
- वही. हो, कागदाची

लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून हे करू नका. ते बहुतेक वेळा मोनो असतं, त्यावर माइकसाठी व्होल्टेज असतं, आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय चालू असेल तर भजनाच्या मधल्या शांततेत खरखर फुगून वर येते. तिथे कन्व्हर्टर तपासण्यात काही अर्थच नाही.

१. आधी लूप जोडा

सगळी युक्ती इथेच आहे. मूळ आवाज तर तुमच्याकडे फाईलच्या रूपात आहेच. तो इंटरफेसच्या लाइन आउटमधून बाहेर काढा, वायरने त्याच इंटरफेसच्या लाइन इनमध्ये घाला, आणि रेकॉर्ड करा. आता तुमच्याकडे दोन फाईली झाल्या, मूळ आणि फेरी मारून आलेली. दोघींत जो फरक असेल तो सगळा कन्व्हर्टरांचा.

कोणी म्हणेल की यात डिजिटलचं परत अ‍ॅनलॉग करणारा डीएसीसुद्धा आला, मग एकट्या एडीसीचं काय? बरोबर आहे, पण हे आपल्या फायद्याचंच आहे. दोघांनी मिळून केलेली घाण ऐकू येत नसेल तर सहसा एकट्या एडीसीचीही येणार नाही. एकच पळवाट आहे, कधीकधी डीएसीचं आणि एडीसीचं डिस्टॉर्शन एकमेकांना काटतं आणि आकडा उगाच गोंडस येतो. म्हणून वायर बॅलन्स्ड असेल तर एक वाचन तिच्यातल्या प्लस-मायनस तारा उलट्या जोडून घ्या (नुसती फाईल उलटी करून हे कळत नाही). आकडे जवळपास तेच आले तर बऱ्यापैकी निश्चिंत.

खड्डे: डायरेक्ट मॉनिटर बंद करा, नाहीतर आत गेलेला आवाज परत बाहेर येऊन शिट्टी वाजेल. माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम बंद. स्विच 'लाइन'वर, 'इन्स्ट्रुमेंट'वर नाही. विंडोजमधल्या ऑडिओ एन्हान्समेंट सगळ्या बंद, आणि विंडोजचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर), ऑडासिटीचा प्रोजेक्ट रेट आणि फाईलचा रेट तिन्ही एकच. मी पहिल्या दिवशी ४४.१ किलोहर्ट्झची फाईल ४८वर चालणाऱ्या सिस्टीममधून वाजवत होतो आणि विंडोजने मधल्यामधे केलेलं रूपांतर कन्व्हर्टरच्या नावावर खपवत होतो.

२. गेन बसवा

१ किलोहर्ट्झचा साइन −१ डीबीएफएसवर (डिजिटलची कमाल मर्यादा म्हणजे ०, तिच्या १ डेसिबल खाली) वाजवा आणि गेन असा ठेवा की रेकॉर्डिंग −३च्या आसपास येईल. मग त्या नॉबला हात लावायचा नाही. खडूने खूण करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, घरगुती डेकची लेव्हल −१० डीबीव्ही म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट असते आणि स्टुडिओच्या सामानाची +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट. दोघांत जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. त्यामुळे लूपसाठी लावलेला गेन कॅसेटला चालणार नाही, कॅसेट घेताना वेगळा बसवावा लागेल आणि तेव्हा शिखरं −६ ते −१०च्या खालीच ठेवा. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, वरपर्यंत ठासून भरायची गरजच नाही. क्लिपिंग, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेली शिखरं कापली जाणं, ही डिजिटलमधली सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक आणि ती शंभरातल्या नव्याण्णव वेळा माणसाने केलेली असते, चिपने नाही.

३. शांतता मोजा

वायर जोडलेली ठेवा, काहीच वाजवू नका, ३० सेकंद रेकॉर्ड करा. त्याची सरासरी लेव्हल (आरएमएस) बघा. मग कॅसेटवरचा कोरा भाग, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीची खरखर, नेहमीच्या गेनवर रेकॉर्ड करून तिची लेव्हल बघा. शेवटी डेक लावलेलाच पण कॅसेट थांबवून त्याच गेनवर एक, म्हणजे टेप सोडून बाकीची खरखर कळेल.

आता गणित सोपं आहे. इंटरफेसची खरखर टेपच्या खरखरीपेक्षा २० डेसिबल खाली असेल तर दोन्ही मिळून एकूण खरखर वाढते फक्त ०.०४ डेसिबलने. १० डेसिबल खाली असेल तरी वाढ ०.४. साध्या कॅसेटचा आवाज आणि खरखर यांतलं अंतरच मुळात ५० ते ६० डेसिबल असतं, आणि १६ बिटचं कागदावरचं अंतर ९८. म्हणजे कॅसेटला दहा बिटांच्या आसपास पुरतात हो! २४ बिट घ्यायचे ते गेन चुकला तर सावरता यावं म्हणून, टेपमध्ये तेवढा ऐवज आहे म्हणून नाही.

इथे सगळेच पडतात असा एक खड्डा: स्पेक्ट्रममध्ये खालची रेघ −१४०वर दिसली म्हणून खरखर −१४० आहे असं नाही. ६५५३६ पॉइंटचा एफएफटी (आवाज सुरासुरांत वेगळा करून दाखवणारं गणित) लावला की एकूण खरखर हजारो खणांत वाटली जाते आणि रेघ खऱ्या आकड्यापेक्षा ४५ डेसिबल खाली दिसते. रेघ बघायची ती काटे शोधायला, आणि काटे मात्र नीट शोधा:

५० आणि १०० हर्ट्झला काटा असेल तर विजेचा हम आहे, बहुतेक ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा विजेचा प्रवाह). लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. माझ्याकडे नुसता चार्जर उपटल्यावर हम गेला, चार दिवस मी वायरी बदलत बसलो होतो. १ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झला बारीक किणकिण असेल तर ती यूएसबीची, कारण यूएसबीच्या फ्रेमा मिलिसेकंदाला एक आणि त्याच्या आत १२५ मायक्रोसेकंदाला एक अशा चालतात. ही किणकिण शांत जागी खरंच ऐकू येते. पोर्ट बदला, हब काढा.

४. एक सूर पाठवून बघा

आरईडब्ल्यूच्या जनरेटरमधून १ किलोहर्ट्झ पाठवा आणि त्याच्या आरटीएमध्ये (चालू आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारी खिडकी) बघा. २, ३, ४ किलोहर्ट्झला काटे दिसतील, ते हार्मोनिक डिस्टॉर्शन. सगळे मिळून −८०च्या खाली असतील तर संगीतात ते शोधायला गेलात तर दमाल. मग १९ आणि २० किलोहर्ट्झ एकदम पाठवा आणि १ किलोहर्ट्झला काही उगवतंय का बघा. दोन्ही सूर आपल्या वयाला ऐकू येत नाहीत, पण त्यांच्या भांडणातून निघालेला १ किलोहर्ट्झ ऐकू येऊ शकतो.

जिटरची लोक फार भीती घालतात, घड्याळ थरथरतं म्हणे. थरथर १ नॅनोसेकंद असेल तर १० किलोहर्ट्झच्या सुराखाली तिची घाण ८४ डेसिबल खाली येते, आणि खालच्या सुरांना त्याहून कमी. कॅसेटच्या मोटरची थरथर याच्या कित्येक हजार पट असते. साप साप म्हणून भुई थोपटण्यातला प्रकार.

एलिअसिंग, म्हणजे फार वरचा सूर खोट्या जागी उमटणं, मात्र खरी गोष्ट. ४४.१वर रेकॉर्ड करताना ३० किलोहर्ट्झचा काही आवाज आत आला आणि फिल्टरने अडवला नाही तर तो १४.१ किलोहर्ट्झवर उमटतो, जिथे त्याचं काही काम नाही. हे तपासायला आवाज पाठवणारं यंत्र वेगळं आणि ९६वर चालणारं हवं, एकाच इंटरफेसचे दोन्ही कन्व्हर्टर सहसा एकाच रेटवर चालतात. दुसरं यंत्र नसेल तर सोडून द्या, आजकालच्या चिपमध्ये फिल्टर आतच असतो.

५. गाणं फिरवून आणा

आता खरा माल. ३० सेकंदांचे तीनचार तुकडे निवडा आणि लूपमधून काढा. माझी निवड सांगतो: टाळ (वरचे सूर आणि एकदम येणारा झटका), तबल्याची चाट, पेटीचा एकच लांब धरलेला सूर, आणि तानपुरा हळूहळू विरत जातो तो शेवट. विरणारा शेवट सगळ्यात निर्दय परीक्षक. डिदर न लावता १६ बिटला उतरवलं तर चूक तिथेच उघडी पडते, सूर विरायच्याऐवजी खरखरीत होत तुटतो. डिदर म्हणजे शेवटच्या बिटावर मुद्दाम टाकलेली बारीकशी खरखर, तिच्यामुळे तो तुटकपणा जातो. हा दोष कन्व्हर्टरचा नसतो, आपण एक्सपोर्ट करताना टिक काढलेली असते.

चूक इतकी बारीक असेल की सापडतच नाही, तर तीच फाईल दहा वेळा फिरवा. पहिली फेरी रेकॉर्ड केली, तीच परत पाठवली, असं दहादा. खरखर १० डेसिबलने चढते, आणि डिस्टॉर्शन दर वेळी त्याच दिशेने होत असेल तर २०पर्यंत. दहाव्या फेरीनंतरही ओळखता आली नाही तर पहिल्या फेरीबद्दल भावाशी वाद घालायची गरज नाही.

६. लेव्हल आणि वेळ जुळवा (इथे घाई नको)

माझी फजिती इथलीच. दोन आवाजांत अर्ध्यापाऊण डेसिबलचा फरक असला तर कानाला मोठा-लहान असं कळत नाही, जो मोठा तो 'मोकळा', 'भरदार', 'जिवंत' वाटतो. म्हणून ०.१ डेसिबलच्या आत जुळवायचं, तेही कानाने नाही, मोजून. दोन्ही फाईलींत तोच १ किलोहर्ट्झचा सूर सुरुवातीला घालून ठेवलात तर त्यावरून अचूक जुळतं. डावं आणि उजवं चॅनल वेगवेगळं तपासा, स्वस्त नॉबमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात.

मग वेळ. फेरी मारून आलेली फाईल थोडी उशिरा सुरू होते, तेवढी ती सरकवा. आणि आवाज पाठवणारं यंत्र वेगळं, घेणारं वेगळं असं केलं असेल तर दोघांची घड्याळं कधीच एकसारखी चालत नाहीत. दहा लाखांत १० भागांचा फरक म्हणजे काहीच नाही वाटतं ना, पण ४४.१वर एका मिनिटात २६ सॅम्पल सरकतात. म्हणून शक्यतो एकाच इंटरफेसवर लूप करा, नाहीतर डेल्टावेव्हला जुळवू द्या.

७. वजाबाकी

एक फाईल उलटी करा आणि दुसरीत मिसळा. जे सारखं ते उडून जातं, उरतो तो फरक. ३२ बिट फ्लोटमध्येच करा.

ऐकायला फार सुंदर कल्पना, पण हिचा अर्थ लावताना लोक गंडतात. लेव्हल नुसती ०.१ डेसिबलने चुकली तरी उरलेला आवाज फक्त ३९ डेसिबल खाली जातो, पूर्ण गाणं हळू आवाजात ऐकू येतं. वेळ अर्ध्या सॅम्पलने चुकली तर १० किलोहर्ट्झला उरलेलं मूळ आवाजाच्या ३ डेसिबलच खाली! म्हणजे वजाबाकीत टाळ खणखणीत वाजताना ऐकून 'बघा, डिजिटलने टाळ खाल्ले' असं जर कोणी म्हणत असेल, तर त्याने फाईली नीट सरकवलेल्या नाहीत, बास.

शिवाय इंटरफेसमधले कपॅसिटर खालच्या सुरांचा फेज किंचित हलवतात, तो कानाला कळत नाही पण वजाबाकीत उरतो. तेव्हा उरलेलं फार कमी आलं, टेपच्या खरखरीच्याही खाली, तर विषय संपला. जास्त आलं तर एवढंच कळलं की फरक आहे. तो ऐकू येतो का हे पुढच्या पायरीवर.

८. डोळे झाकून ऐका

फूबारमध्ये दोन्ही फाईली निवडा, एबीएक्स उघडा. ए म्हणजे मूळ, बी म्हणजे फिरवलेली, एक्स म्हणजे दोघांपैकी कोणतीतरी, आणि कोणती ते फक्त सॉफ्टवेअरला माहीत. तुम्ही सांगायचं. बायकोला किंवा बहिणीला वायर बदलायला बसवू नका, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. (माझी बहीण तर हसायचीच.)

नियम आधी वहीत लिहा: १६ वेळा, मधे निकाल बघायचा नाही, मधे थांबायचं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हे विकत घेतलेल्या सामानाला सगळ्यात जास्त लागू पडतं, त्यामुळे नियम नंतर ठरवले की ते आपल्याच बाजूने वाकतात.

१६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर निव्वळ नशिबाने यायची शक्यता ३.८ टक्के, १३ची १.१ टक्के. १० वेळाच केलंत तर ८ बरोबर येऊनही नशिबाची शक्यता साडेपाच टक्के राहते, ९ पाहिजेत. आणि 'पाच वेळा टेस्ट दिली, एकदा १२ आले' हा पुरावा नाही. पाचांतून एकदातरी १२ किंवा जास्त नुसत्या नशिबाने यायची शक्यता जवळजवळ १८ टक्के असते.

सगळ्यात आधी मात्र स्वतःची परीक्षा घ्या. तीच फाईल डिदर न लावता ८ बिटला उतरवा आणि मूळच्या विरुद्ध एबीएक्स करा. विरणाऱ्या तानपुऱ्यावर हे १६ पैकी १६ यायला हवं. आलं नाही तर कन्व्हर्टरला सोडा, हेडफोन बघा, खोली बघा, पंखा बंद करा. आमच्याकडे शेजारी पाण्याची मोटर लागायची, मी शेवटी रात्री अकरानंतर बसायचो.

बाकी छोट्या गोष्टी: ५ ते ८ सेकंदांचा तुकडाच फिरवून ऐका, लांब ऐकलं की आठवण फसवते. व्हॉल्यूम एकदा ठरवला की तोच, विरणाऱ्या शेवटाला वाढवायचा नाही. फाईल बदलताना 'टक' आवाज येत असेल तर तो डीसी ऑफसेटचा (लहर शून्याच्या रेषेवरून थोडी वर किंवा खाली सरकलेली असते त्याचा) असू शकतो आणि त्यावरूनच तुम्ही ओळखत बसाल, म्हणून आधी ऑफसेट काढा. दर चार फेऱ्यांनी पाणी प्या.

आणि १६ पैकी ८ आले तर त्याचा अर्थ 'तुम्हाला, या हेडफोनवर, या तुकड्यात फरक कळला नाही' एवढाच. जगात कोणालाच कळणार नाही असं त्यातून निघत नाही. मोठ्या प्रमाणावर हे झालंय मात्र: ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रयोग छापला, त्यात हाय रिझोल्यूशन डिस्कच्या वाटेत १६ बिट ४४.१चा एडीसी-डीएसी लूप घातला होता, ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर. ४९.८ टक्के. फक्त व्हॉल्यूम खूप वर नेऊन शांत जागा ऐकली तेव्हा १६ बिटची खरखर कळली. त्यातल्या काही डिस्क मुळात खऱ्या हाय रिझोल्यूशन होत्या का यावर पुढे वाद झाला आणि तो वाद रास्त आहे, पण कॅसेटवाल्याने त्या वादात पडायचं कारण नाही.

९. फरक सापडलाच तर

१३-१४ बरोबर आले तर लगेच नवा इंटरफेस शोधू नका. उलट क्रमाने मागे या: लेव्हल परत मोजा, दोन्ही चॅनल. मग सॅम्पल रेट. मग क्लिपिंग. मग हम. माझ्या दहाबारा प्रयोगांत ऐकू आलेला फरक दर वेळी या चारांतच निघाला. हे सगळं साफ असूनही फरक टिकला तर मात्र तुमचा इंटरफेस खरंच वाईट आहे, बदला.

प्रत्येक निकाल वहीत लिहा, तारीख, गेनची खूण, कोणता तुकडा, किती बरोबर. सहा महिन्यांनी भाऊ परत येतोच.

मित्राचा इंटरफेस मी परत केला आणि उरलेला वेळ डेकवर घातला. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, मग अ‍ॅझिमथचा स्क्रू, म्हणजे हेडचा तिरकेपणा, प्रत्येक कॅसेटला वेगळा लावला: दोन्ही चॅनल मोनो करून ऐकायचे आणि वरचे सूर सगळ्यात जास्त उघडतील तिथे थांबायचं. आजोबांच्या पेटीच्या कॅसेटवर हे केलं तेव्हा मागे कोणीतरी बांगड्या वाजवत टाळी देतंय हे पहिल्यांदा ऐकू आलं. आई म्हणाली, आजीच असणार.